पहारा

मूलपेशींचं प्रत्यारोपण झालं की सगळे अभिनंदन करतात. खरं तर त्या दिवशी डोळ्यांना दिसण्यासारखं फारसं काही घडत नाही. रक्ताच्या पिशवीसारखीच एक पिशवी टांगतात आणि ती हळूहळू रिकामी होते. आईबापांची खरी परीक्षा पुढे, नव्या पेशी रुजल्यावर, मूल घरी आल्यावर सुरू होते. तोवर तापाची नोंद दुसरं कोणीतरी ठेवत असतं.

कॅन्सर झालेल्या मुलांचे इथले, नेदरलँड्समधले, उपचार उत्रेख्तच्या प्रिन्सेस माक्सिमा केंद्रात एकवटले आहेत. 2018 साली ते उघडलं. मुक्कामाला असलेल्या मुलाच्या खोलीला लागून आईबापांची खोली असते. लेकीचं प्रत्यारोपण तिथेच झालं. दोन खोल्यांमधलं दार मी कधी पूर्ण लावलं नाही. पंपाचा बारीक आवाज ऐकू येत राहिला तरच झोप लागायची.

तिचे बाबा आणि मी आळीपाळीने राहायचो. एक तिच्यापाशी, एक घरी मुलाजवळ. शुश्रूषेसाठी इथे कायद्याने वर्षाला दोन आठवड्यांच्या कामाइतकी रजा मिळते, किमान 70 टक्के पगाराची, आणि शिवाय सहा आठवड्यांची बिनपगारी. रजेचं गणित जुळलं, आमचं दोघांचं जुळायला वेळ लागला. त्याला रोजचे आकडे हवे असायचे: पांढऱ्या पेशी किती, प्लेटलेट्स किती. मला ते ऐकवायचे नाहीत. मी स्वयंपाकात शिरायचे. हा भावनेपासून पळतोय असं मला वाटायचं, ही सत्यापासून पळतेय असं त्याला. दोघंही आपापल्या परीने तग धरून होतो, हे एकमेकांना सांगायला मात्र बराच काळ गेला. माझ्या मते असल्या घरात नवराबायकोत भांडणं होतात ती प्रेम आटल्यामुळे नव्हे, दोघांची भीती वेगवेगळ्या वेळी वर येते म्हणून.

घरी आल्यावर स्वयंपाकघराची शिस्तच बदलली. कच्चं अंडं, न तापवलेल्या दुधाचं चीज, कच्चे मोड, सगळं बंद. आमटीवर वरून कोथिंबीर पेरायला हात आपोआप उचलला जायचा, तो मागे घ्यायचा. तपासणीच्या दिवशी रक्त काढून होईपर्यंत सायक्लोस्पोरिनचा, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या औषधाचा, सकाळचा डोस द्यायचा नसतो. औषधाची रक्तातली पातळी तेव्हाच खरी कळते. कोल्हापूरहून आजीला यायचं होतं. प्रवासातली साधी सर्दीसुद्धा नको म्हणून तिला थांबवलं. रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर ती मीठमोहऱ्या ओवाळायची आणि लेक इकडे डोळे मिटून शांत बसायची.

पेशी दिल्या त्या तिच्या दादाने. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि आमच्या घरात ती जुळली. सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढे तिच्या तळव्यांवर लाल पुरळ उठलं. भावाच्या पेशी तिच्या शरीराला परकं समजताहेत, असं मी फोनवर कोणाला तरी सांगत होते. तो जिन्यात उभा होता. ‘‘आई, माझ्या पेशी तिला त्रास देतायत?’’ एवढंच त्याने विचारलं. त्यानंतर घरात ‘दादाच्या पेशी’ हे शब्द कोणी काढले नाहीत. त्या आता तिच्या झाल्या. दात्या भावंडाकडे कोणाचंच नीट लक्ष जात नाही. सगळे त्याला शूर म्हणतात आणि पुढच्या खोलीत जातात.

पेशी जुळवण्याच्या या विद्येचा एक मोठा धागा याच देशात, लायडनमध्ये आहे. योन व्हान रोड या डॉक्टरांनी 1958 साली दाखवलं, की गरोदर राहिलेल्या स्त्रियांच्या रक्तात पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात. मुलात बापाकडून आलेल्या खुणा आईचं रक्त ओळखत असतं. त्या आयांच्या रक्तावरून पेशींचे प्रकार ओळखायला मोठी मदत झाली. लायडनलाच 1968 साली जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळावर यशस्वी प्रत्यारोपण झालं. कुठल्या कोण आयांचं देणं आपल्या लेकीपर्यंत पोचलं, या विचाराने मला पुष्कळदा धीर आला आहे.

आमच्यासारख्या पालकांवरचा एक डच अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या प्रत्यारोपणाला पाच किंवा दहा वर्षं होऊन गेली होती. या पालकांचा एरवीचा ताण इतर आईबापांसारखाच निघाला. आपलं मूल नाजूक आहे ही भावना मात्र बहुतेकांच्या मनातून गेलेली नव्हती. ते वाचून मला हायसं वाटलं. आम्ही दोघंच तसे नव्हतो. ज्या पहाऱ्याने मूल वाचलं, तो उठवायचा कधी हे कोणी तारीख घालून सांगत नाही. गाल गरम लागला की हात कपाळावर जातोच, मग ती नुसती बागेत धावून आलेली का असेना.

औषधांसाठी बसवलेली छातीतली नळी निघाली, बाळपणीच्या लसी पहिल्यापासून पुन्हा टोचून झाल्या, आणि डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिली. कालव्यांच्या या देशात पोहणं न येणारं मूल म्हणजे आईबापांना घोरच. तिच्या तलावावर पालकांना एरवी आत सोडत नाहीत, बघायला ठरावीक दिवशीच जायचं. पहिल्या वेळी आम्ही दोघं काचेला नाक लावून उभे होतो. आता तेवढ्या वेळात बाहेर एक फेरी मारतो आणि दुसरं काहीतरी बोलायचं ठरवतो: त्याच्या ऑफिसचं, आजीच्या गुडघ्याचं, दादाच्या शाळेचं. कधी जमतं. कधी वळणापर्यंत पोचायच्या आत तो विचारतो, ‘‘परवाचे रिपोर्ट आले का गं?’’ आणि आता मीही त्याला आकडे सांगते.