फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाला असता तर?

"पैसेवाला माणूस निवडून द्या, त्याचं पोट भरलेलं असतं, तो खाणार नाही." हे वाक्य आता आम्हाला आपल्याच वस्तीत, आपल्याच तरुणांच्या तोंडून ऐकू येते. कुणी बिल्डर विहाराला फरशी बसवून देतो, कुणी कारखानदार जयंतीचा खर्च उचलतो, दहा पोरांना कामाला लावतो, आणि पुढच्या निवडणुकीत तोच आपला तारणहार ठरतो. राजकारणी सगळे चोर, हा निदान बाहेरचा आहे, धंदा करून दाखवलेला आहे! या युक्तिवादाला उत्तर म्हणून आम्ही अमेरिकेच्या इतिहासातला एक जर-तर मांडतो. जर-तर म्हणजे नुसती करमणूक नव्हे. जे घडले नाही ते का घडले नाही, हे त्यातून तपासता येते.

1923 साली अमेरिकेत जागोजागी 'फोर्ड राष्ट्राध्यक्ष' मंडळे निघाली होती. हेन्री फोर्ड, मोटारींचा राजा. त्याने कधी कुठले सरकारी पद भूषवले नव्हते. 1918 साली डेमोक्रॅटिक पक्षाकडून सिनेटसाठी उभा राहून थोडक्या मतांनी पडला होता, एवढाच त्याचा राजकीय अनुभव. पण शेतकऱ्याला तो आपला वाटे. वॉल स्ट्रीटच्या सावकारांना शिव्या देणारा, स्वस्त गाडी देणारा, मजुराला दिवसाला पाच डॉलर देणारा माणूस!

या पाच डॉलरांकडे जरा जवळून पाहू. 1914 साली ही घोषणा झाली तेव्हा त्यातला जवळपास अर्धा भाग पगार नव्हता, 'नफ्यातला वाटा' होता. तो कुणाला द्यायचा हे ठरवायला कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, पैसे साठवतो का, बायको-पोरांशी कसा वागतो, सगळी चौकशी. हक्क म्हणून मजुरी नाही, मालकाच्या मर्जीतला चांगला माणूस म्हणून बक्षीस. बलुत्याच्या तुकड्यासाठी पाटलाच्या ओट्याखाली उभे राहिलेल्यांच्या नातवंडांना यातला फरक समजावून सांगायची गरज नसावी.

काळ्या कामगारांना फोर्डने इतर मोटारवाल्यांपेक्षा पुष्कळ अधिक संख्येने कामावर घेतले, हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण बहुतेकांच्या वाट्याला रिव्हर रूजच्या कारखान्यातले ओतकाम आले, म्हणजे सर्वात तापलेले, सर्वात धोक्याचे काम. आणि काम मिळण्याची वाट बरेचदा चर्चमधून जाई. डेट्रॉईटमधल्या काही काळ्या धर्मगुरूंची शिफारस असली की कारखान्याचे दार उघडे. मग त्या चर्चमध्ये कामगार संघटनेच्या वक्त्याला बोलवायची हिंमत कोण करणार? एका माणसाच्या उपकारात अख्खा समाज बांधला गेला. 1941 च्या संपात काही काळे कामगार मालकाच्या बाजूने कारखान्याच्या आतच थांबले. तेव्हा काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीचे वॉल्टर व्हाइट स्वतः डेट्रॉईटला आले आणि बाहेर या म्हणून त्यांना आवाहन केले. त्याच वर्षी फोर्डला संघटनेशी करार करावा लागला. फरशी बसवून देणाऱ्याबद्दल बोलताना आमच्या डोळ्यांसमोर ते बंद फाटक असते.

दुसरी गोष्ट ज्यूंची. फोर्डच्या मालकीच्या 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' या साप्ताहिकाने 1920 पासून ज्यूंविरुद्ध लेखमाला चालवली. जगातल्या सगळ्या दुखण्यांचे मूळ एकाच जमातीत शोधायचे, ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. हिटलरने आपल्या पुस्तकात फोर्डचे कौतुक केले, आणि 1938 साली नाझी सरकारने त्याला मानाचा क्रॉस दिला. 1927 साली खटल्याच्या दडपणाखाली मागितलेली माफी त्याला तो क्रॉस घेण्याआड आली नाही.

आता जर-तर. डिसेंबर 1923 मध्ये फोर्डने माघार घेतली आणि कूलिज यांना पाठिंबा दिला. समजा, घेतली नसती. 1924 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन असे अडकले की उमेदवार ठरायला 103 मतफेऱ्या लागल्या. कु क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन निषेध करणारा ठरावही तिथे निसटत्या मतांनी पडला. अशा थकलेल्या सभागृहात कुणी 'बाहेरच्या' फोर्डचे नाव पुढे केले असते, तर? आम्हाला तरी ते अशक्य वाटत नाही.

त्याला हवे काय होते, हेही गुपित नव्हते. अलाबामात टेनेसी नदीवर मसल शोल्स येथे सरकारने पहिल्या महायुद्धात खतासाठी-दारूगोळ्यासाठी कारखाने आणि धरण उभारायला घेतले होते. फोर्डने कारखान्यांसाठी 50 लाख डॉलर आणि धरणासाठी शंभर वर्षांचा भाडेपट्टा, अशी बोली लावली. जनतेने त्यात घातलेल्या पैशापुढे ही रक्कम किरकोळ होती. प्रतिनिधीगृहाने ती मंजूरही केली. सिनेटमध्ये जॉर्ज नॉरिस आडवे आले, आणि शेवटी फोर्डने बोली मागे घेतली. राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत फोर्ड बसला असता तर नॉरिस किती टिकले असते?

ते धरण सरकारकडेच राहिले आणि 1933 साली टेनेसी खोरे प्राधिकरणात, म्हणजे टीव्हीएत सामील झाले. वीज, पूरनियंत्रण, शेती, सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासाठी हाच नमुना पुढे आणला. टीव्हीएचेच अभियंता वूर्डुइन यांनी त्याचा आराखडा केला, आणि 3 जानेवारी 1945 ला कलकत्त्यात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली त्यावर परिषद भरली. मसल शोल्स एका शेठच्या खिशात गेले असते, तर हा नमुना उभा राहिला असता की नाही, कुणास ठाऊक.

टीव्हीए म्हणजे स्वर्ग होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी वसवलेल्या नॉरिस गावात काळ्यांना घर मिळत नव्हते. मालकी सरकारी झाली म्हणून जात आणि वर्ण आपोआप मरत नाहीत. पण सरकारी संस्थेला जाब विचारता येतो, मतदान करता येते, कोर्टात खेचता येते. फोर्डच्या तपासनीसाला कोण जाब विचारणार होते? म्हणूनच 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले, आणि ते राज्यकर्त्यांच्या मर्जीवर न सोडता थेट घटनेत लिहावे असा आग्रह धरला. ती मागणी घटनेत आली नाही. विहाराच्या फरशीवर बसून ते पुस्तक वाचायला मात्र कुणाची शिफारस लागत नाही.