काकूंचा ठोंब

माझं माहेर निफाडचं, त्यामुळे लसणाच्या जुड्या आढ्याला टांगलेल्या बघतच वाढले. लग्न होऊन पनवेलला आले आणि पहिल्या थंडीतच कुंडीत पाकळ्या टोचल्या. पात छान आली, पण गड्डा काही धरेना. गड्डा पोसायला थंडी टिकावी लागते; इथे खाडीकाठी ती येते न येते तोच काहिली सुरू. हे मला समजावलं लाइन आळीतल्या शेजारच्या काकूंनी. नुसतं समजावून त्या थांबल्या नाहीत. दुधाच्या रिकाम्या पिशवीत मातीसकट एक ठोंब घेऊन दारात उभ्या राहिल्या. ‘‘हा लाव गं. गड्ड्याचं सोड, पातच खा.’’

तो सोसायटी गार्लिक होता. चपटी, अरुंद पानं आणि लांब दांड्याच्या टोकाला फिकट जांभळ्या फुलांचा झुबका. काकू शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. माती कालवता कालवता सांगायच्या, की झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. केप वसाहतीचा डच गव्हर्नर रिक टुलबाख याने तिथल्या वनस्पती लिनियसकडे धाडल्या होत्या, म्हणून १७७१ साली लिनियसने या प्रजातीला टुलबाघिया असं नाव दिलं. पान चुरगळलं की लसणासारखाच गंधकाचा वास सुटतो आणि तिकडे घराभोवती हे लावलं की साप फिरकत नाही असा समज आहे. पावसाळ्यात आमच्या अंगणात साप निघतात, त्यामुळे सासूबाईंना झाडाबद्दल एवढीच गोष्ट पटली!

काकूंचा एक नियम मात्र पक्का होता. जी पात धुऊन थेट तोंडात जाते, तिला दुकानातलं खत-औषध दाखवायचंही नाही. कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग माती, शेणखत आणि सढळ हाताने वाळू. कुंडी उन्हात हवी, पण पागोळ्यांखाली नको. पनवेलच्या पावसात पाणी तुंबलं की कंद कुजलाच. दुकानातल्या खताऐवजी जीवामृत. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांची त्याची कृती दोनशे लिटरची. काकूंनी ते बादलीवर आणलं होतं. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर माती. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि दहापट पाणी घालून मुळाशी ओतायचं.

ठोंब फोडायला त्यांनी शिकवलं ते दसऱ्यानंतर, पाऊस सरल्यावर. कुंडी आडवी करून गठ्ठा बाहेर काढला आणि पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला. जाड, पांढरी मुळं एकमेकांत गच्च गुंतलेली. मी विळा उचलला, तर त्यांनी हात धरला. मग पाण्यातच अंगठे घालून, हलवत हलवत, त्या एकेक झुबका सुटा करत गेल्या. प्रत्येक तुकड्याला तीन-चार कोंब ठेवले, पानं वीतभर राखून छाटली. तासभर आम्ही त्या बादलीशी बसलो होतो. नव्या गावात माझ्यासाठी एवढा वेळ तोवर कुणी काढला नव्हता, आणि मी काकूंचं ऋण मानते ते मुख्यतः या तासाचं.

जानेवारीत आळीत पोपटी लागली, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायची मेजवानी. वालाच्या शेंगा, अंडी, ओवा, मीठ, मडक्यात भांबुर्डीचा पाला. त्या वर्षी वाटण माझ्याकडचं होतं, हीच पात हिरव्या मिरचीबरोबर पाट्यावर वाटलेली. माझी ओळख तोवर ‘घाटावरची सून’ एवढीच होती. त्या रात्रीनंतर बायका पात मागायला दारात येऊ लागल्या.

आता काकूंचा वाडा पडून तिथे इमारत झाली आणि त्या मुलीकडे ठाण्याला गेल्या. त्यांच्या बागेतलं बाकी काही वाचलं नाही. ठोंब देताना मी ‘काकूंचा’ म्हणूनच देते आणि वाळूचं, पागोळ्यांचं सगळं सांगते. मध्यंतरी खारघरच्या मैत्रिणीकडच्या ठोंबाची पानं पिवळी पडायला लागली. मी थेट काकूंना फोन जोडून दिला. कुंडीला भोक किती मोठं आहे इथपासून त्यांनी चौकशी सुरू केली आणि पुढचा अर्धा तास मला मध्ये बोलायची गरजच पडली नाही.