माणशी पाच मासे

सेंट जॉन्सच्या विमानतळावर उतरलो तेव्हा जुलै महिना होता आणि आमच्या अंगात स्वेटर होते. धुकं इतकं दाट की धावपट्टीपलीकडचं काही दिसेना. मुलगा इथल्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत शिकतो. त्याने फोनवर आधीच बजावलं होतं, "अम्मी, उन्हाळा या शब्दावर जाऊ नका." न्यूफाउंडलंड म्हणजे कॅनडाचं अगदी पूर्वेचं बेट. इथलं घड्याळही आपल्यासारखं अर्ध्या तासाचं हट्टी. सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे इशाच्या नमाजाला मध्यरात्र जवळ येते.

आम्ही रत्नागिरीकडचे. नव्या गावी गेलो की पहिली चौकशी मासळीची. इथे नुसतं 'मासा' म्हटलं की कॉड, बाकीच्यांना त्यांची त्यांची नावं. 1497 साली जॉन कॅबट या किनाऱ्याला लागला, तेव्हा टोपलीनेही कॉड काढता येतो अशी वार्ता युरोपभर पसरली. पुढची पाचशे वर्षं हे बेट याच माशावर जगलं. लाकडी मांडवांवर खारवून वाळवलेला कॉड स्पेन, पोर्तुगाल, वेस्ट इंडिजला जायचा. आपल्या सुक्या मासळीचीच ही थोरली बहीण म्हणा.

दुसऱ्या दिवशी मुलाने मिडल कोव्हच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे जत्रा भरली होती. कॅपेलिन नावाचा तारलीएवढा चंदेरी मासा अंडी घालायला लाटेबरोबर थेट किनाऱ्यावर येतो. लोक बादल्या, हातजाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उभे, पोरं तर नुसत्या हातांनी पकडत होती. पाण्याला हात लावला आणि चटका बसावा तशी थंडी लागली. उत्तरेकडून लॅब्राडोरचा प्रवाह बर्फाळ पाणी आणतो, हिमनगही याच वाटेने येतात.

या इवल्या माशाची गोष्ट नंतर कळली ती पेटी हार्बरला. सेंट जॉन्सच्या दक्षिणेला खडकांच्या कुशीतलं हे छोटं बंदर. मुलाच्या ओळखीचे एक वृद्ध मच्छीमार तिथे राहतात. आम्ही त्यांना 'चाचा' म्हणू लागलो, त्यांना ते आवडलं. 1992 साली ते पस्तिशीत होते. त्या वर्षी 2 जुलैला मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. दोन वर्षांसाठी, असं तेव्हा सांगितलं होतं. तीस हजारांवर लोकांचा रोजगार एका दिवसात गेला. पाच-सात वर्षांनी अंड्यांवर येणारा, पण मोठ्या मादीच्या एका गाबोळीत लाखो अंडी असणारा मासा संपलाच कसा?

चाचांचं उत्तर सोपं होतं: मोठी जहाजं. 1950 च्या दशकापासून युरोपातून, सोव्हिएत रशियातून तरंगते कारखानेच आले. जाळं ओढायचं, तिथेच कापायचं, गोठवायचं, रात्रंदिवस. 1968 साली एका वर्षात 8 लाख टनांच्या वर कॉड निघाला. 1977 मध्ये कॅनडाने 200 मैलांची हद्द घातली, परदेशी जहाजं बाहेर गेली, आणि त्यांच्या जागी कॅनडाचेच ट्रॉलर आले. हे सांगताना चाचा हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

किनाऱ्यालगत होड्या चालवणारे म्हणत होते, मासा लहान होतोय, कमी येतोय. सरकारी हिशोब मात्र ट्रॉलरच्या जाळ्यांवर बराच विसंबून होता, आणि ती जाळी भरलेलीच येत. उरलेला मासा दाटीने एकाच जागी गोळा झाला होता आणि यंत्रं त्याला नेमकं हुडकत होती. टाकीतलं पाणी संपत आलं तरी तळाच्या नळाला धार असते, तसंच हे. 1986 मध्ये लहान मच्छीमारांनी स्वतः पैसे जमवून विद्यापीठाच्या जीवशास्त्रज्ञांकडून हा हिशोब तपासून घेतला. ते कोर्टातही गेले, हरले. 1989 साली सरकारी शास्त्रज्ञांनीच चूक कबूल करून 1 लाख 25 हजार टनांचा सल्ला दिला, कोटा ठरला 2 लाख 35 हजारांचा. मंत्र्यांना नोकऱ्या वाचवायच्या होत्या, हे समजतं. पण वाचल्या कुठे?

सगळा दोष जाळ्यांना देणंही बरोबर नाही. 1990 च्या सुमारास पाणी नेहमीपेक्षा फार थंड झालं. 1991 मध्ये कॅपेलिन कोसळला, आणि कॉडचं मुख्य अन्न तेच. उपाशी, गारठलेल्या, आधीच निम्म्या केलेल्या कळपावर ट्रॉलर चालतच राहिले. थंडी काय करते ते 2003 च्या एप्रिलमध्येही दिसलं. स्मिथ साउंड नावाच्या खाडीत हिवाळा काढणारे मोठमोठे कॉड गोठणबिंदूखालच्या पाण्यात सापडून मेले आणि पृष्ठभागावर तरंगू लागले.

चाचा तेलाच्या कामावर अल्बर्टाला गेले, परत आले, खेकडे धरू लागले. कॉड गेल्यावर खेकडे आणि कोळंबीने बऱ्याच घरांना हात दिला. सगळेच काही परतले नाहीत. प्रांताची लोकसंख्या 1991 मध्ये 5 लाख 68 हजार होती, दहा वर्षांत 5 लाख 13 हजारांवर आली. चाचांच्या गल्लीतली तीन घरं आता पर्यटकांना भाड्याने मिळतात.

आम्ही गेलो त्याच्या काही दिवस आधी, जून 2024 मध्ये, सरकारने बंदी उठवली आणि 18 हजार टनांचा कोटा दिला. त्यात मोठ्या जहाजांनाही पुन्हा वाटा आहे. मच्छीमारांच्या संघटनेचा त्याला विरोध, आणि कॉडची वाढ 2016-17 नंतर थबकलेली. चाचांनी हात झटकले. "दोन वर्षं म्हणाले, बत्तीस झाली. आता घाई कसली?"

शनिवारी त्यांनी आम्हाला होडीतून नेलं. उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी घरच्यापुरता कॉड धरता येतो. माणशी पाच, होडीला जास्तीत जास्त पंधरा. आम्ही चौघे, म्हणजे पंधराच. गळ टाकला की पाचेक मिनिटांत ओढ लागायची. ऑलिव्ह रंगाचा, पोटाशी पांढरा, हनुवटीला एक मिशी असलेला मासा. पंधरावा आला तेव्हा साडेनऊही वाजले नव्हते. मुलाला अजून एक ओढ लागली होती. चाचांनी त्याच्या हातून दोरी घेतली, सोळावा मासा कडेलाच गळातून सोडवला आणि पाण्यात सोडला.

परतताना त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कसं? आम्ही सांगितलं, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला 2017 पासून मनाई. तरी रात्री समुद्रात लखलखाट दिसतो. माणशी मोजदाद नाही.

"आणि मासा? लहान झालाय का?"

बाजारात सुरमईचे तुकडे आता तळहातात मावतात, हे आम्हाला तेव्हा आठवलं. तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, इंजिनाचा आवाज वाढवला. रात्री घरून आणलेली कोकमं आणि मसाला घालून आम्ही कालवण केलं. मासा सरळ पाकळ्या पाकळ्या होऊन सुटतो, काटा मोठा, पोरांनाही खाता येईल असा. एक डबा भरून चाचांना दिला. तिखट लागलं म्हणून त्यांनी वर दही मागवलं आणि डबा रिकामा करून परत पाठवला.