पतनाचा अवधी

'तो पडला' या वाक्यात 'तो' हा कर्ता आहे, असे मराठी व्याकरण शाळेपासून शिकवीत आले आहे. पडणाऱ्याने नेमके केले काय, हा प्रश्न मात्र व्याकरण विचारीत नाही. आधार सुटतो, आणि उरलेले सारे पृथ्वीच करते. मनुष्य केवळ नावापुरता कर्ता राहतो. मल्लेश्वरममधील एका मराठी घरात, रविवारच्या संध्याकाळी, जेवणाच्या टेबलाभोवती हा प्रश्न अनपेक्षितपणे उभा राहिला.

त्या वस्तीला मराठी नवी नाही. तेथील काडु मल्लेश्वराच्या देवळाशी शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांचे नाव जोडलेले आहे, आणि १६६९ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. देवळापासून फार लांब नसलेल्या या घरातील आजोबा नोकरीनिमित्त बंगळूरला आले आणि येथेच राहिले. त्यांची सतरा वर्षांची नात व तिचे पाच मित्रमैत्रिणी दर रविवारी एक खेळ मांडतात. बोलणे कन्नड आणि इंग्रजीत चालते. आजोबांशी नात मराठीत बोलते. पुढे पुढे आजोबांनाही एक पात्र मिळाले.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. एकजण सूत्रधार होऊन कथा सांगतो. इतर प्रत्येकजण एकेका पात्राच्या वतीने बोलतो व वागतो. जेथे यशापयशाची शंका असेल तेथे फासे निर्णय देतात. आजोबांना यात काही परके वाटले नाही. किनारी कर्नाटकातील ताळमद्दळे त्यांनी पुष्कळ ऐकले होते. यक्षगानाच्या या बैठ्या प्रकारात वेष नाही, नृत्य नाही. भागवत प्रसंगातील पदे गातो आणि अर्थधारी समोरासमोर बसून, आपापल्या पात्राच्या मुखाने, गद्य संवाद जागच्या जागी रचतात. कर्णाचा शेवट प्रसंगाने आधीच ठरविलेला असतो. त्याने मरण्यापूर्वी काय बोलावे, हे मात्र ठरलेले नसते.

त्या रविवारी सूत्रधार नातीने एक आकाशगामी जहाज तीन हजार फुटांवर मोडले. पाच मित्रांची पाच पात्रे आणि आजोबांचा म्हातारा सुकाणूवाला असे सहाजण हवेत फेकले गेले. पंख असलेले एक हिंस्र श्वापद त्यांच्या मागे लागले. आता लढाई चालवायची ती पडता पडता.

अशा लढाईचा नकाशा कसा काढावा, ही पहिली अडचण. नातीने ती सोप्या रीतीने सोडविली. चौकटीच्या कागदावर तिने सहाही सोंगट्या नेहमीप्रमाणे मांडल्या आणि शेजारच्या पाटीवर केवळ जमिनीचे अंतर लिहिले. सारेच एका वेगाने पडत असतील, तर परस्परांच्या दृष्टीने कोणीच पडत नसते. जमीन तेवढी वर येत असते. बर्नच्या पेटंट कचेरीत बसलेल्या आइन्स्टाइनला १९०७ साली हेच सुचले होते, की पडणाऱ्याला स्वतःचे वजन जाणवत नाही.

दुसरी अडचण काळाची. या खेळातील एक फेरी सहा सेकंदांची मानतात. २०१७ च्या एका पूरक ग्रंथातील ऐच्छिक नियमानुसार पडणारा प्रथम एकदम पाचशे फूट खाली येतो आणि त्यानंतर आपल्या प्रत्येक पाळीच्या अखेरीस आणखी पाचशे. पहिल्या सहा सेकंदांपुरता हा आकडा वास्तवाला धरून आहे. हवेचा विरोध जमेस धरला तर माणूस तेवढ्या वेळात सुमारे पाचशे फूटच पडतो. पुढे मात्र वेग स्थिरावतो आणि दर सहा सेकंदांत हजार फूट मागे पडू लागतात. तीन हजार फुटांचे पतन निसर्ग वीसेक सेकंदांत उरकतो; नियम त्यासाठी प्रत्येकाला पाच पाळ्या, म्हणजे तीस सेकंद देतो. टेबलावर त्या तीस सेकंदांना दोन तास लागले.

त्यांच्यातील मांत्रिकाजवळ पिसासारखे अलगद उतरविणारा एक मंत्र होता. त्याला तीन मर्यादा होत्या. तो साठ फुटांच्या आतील पडणाऱ्यांनाच लागू पडतो. त्याचा प्रभाव एक मिनिट टिकतो आणि तेवढ्या वेळात माणूस सहाशे फूट उतरतो. म्हणजे तो घाईने उच्चारला तर वाया जाणार, त्यासाठी जमीन जवळ येईपर्यंत धीर धरावा लागणार. आणि तो पाचजणांनाच तारतो. पडणारे सहा होते.

सुकाणूवाल्याचे बळ चौदा अंकांचे. दोनशे फूट वा त्याहून अधिक उंचीवरून पडणाऱ्याच्या बळातून वीस फाशांची बेरीज वजा होते. वीस फाशांवर वीस एक्के पडले तरी बेरीज वीस. कोणतेही नशीब त्याला वाचवू शकत नव्हते. हे गणित आजोबांनी पहिल्याच पाळीत केले असावे.

पाटीवरचा आकडा पाचशेवर आला. मांत्रिकाने मंत्र उच्चारला आणि पाच नावे घेतली. तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, आजच्यापुरते सहा धरूया, ताताला कशाला सोडायचे? नातीने पुठ्ठ्याच्या आडोशामागील कागदाकडे पाहिले. तेथे सारे आकडे तिच्याच हातचे होते. तिने पेन्सिल उचलली.

"आकडा खोडू नकोस बाळ," आजोबा म्हणाले.

"पण आजोबा, तुम्ही..."

"मला पाच पाळ्या मिळाल्या ना? आकडा बदललास, तर त्या पाचही खोट्या होतील. एक उरली आहे, ती खेळू दे."

महाभारताच्या वाचकाला येथे दोन गोष्टी आठवल्यावाचून राहणार नाहीत. कर्णाच्या शक्तीने विद्ध झालेला घटोत्कच कोसळताना आपला देह वाढवितो आणि कौरवांची एक अक्षौहिणी त्याखाली चिरडतो. मृत्यू टळत नाही. पडणे हेच त्याचे अखेरचे शस्त्र होते. आणि ही कथा सांगणारा व्यास त्याचा पणजोबा आहे. आपल्याच वंशाचा संहार तो सांगतो, एकालाही वाचविण्यासाठी कथेला वळण देत नाही. मल्लेश्वरमच्या त्या टेबलावर नाते उलटे झाले होते. कथा नातीच्या हाती होती आणि पडत होते आजोबा. कथा सांगणाऱ्याचा मोह नातीला झाला, आणि पात्राने तिला सांगणाऱ्याचा धर्म शिकविला.

तिने पेन्सिल ठेवली. त्या पाचांवर झेप घालण्यासाठी श्वापदाला आता पंख उघडणे भाग होते. आजोबांनी वीस बाजूंचा फासा टाकला. तेरा हवे होते, सोळा पडले. सुकाणूवाल्याचा दोर पंखांभोवती आवळला गेला आणि दोघे एकत्र खाली गेले. पुढचे वीस फासे टाकण्याचे कारणच उरले नाही.

रात्री मंडळी गेल्यावर नातीने वहीत त्या दिवसाची नोंद केली. 'सुकाणूवाला पडला,' एवढे लिहून ती थांबली. मग तिने खाली त्याच्या पाच पाळ्या क्रमाने उतरविल्या: डोलकाठीचा दोर कापला, भरकटलेल्या सोबत्याकडे फेकला, त्याला मंत्राच्या टप्प्यात ओढले, श्वापदाच्या पंखांवर फास टाकला, फास आवळला. एका अकर्मक क्रियापदाखाली पाच सकर्मक क्रियापदे उभी राहिली. आजोबा तोवर झोपले होते. पाटीवरचा पाचशेचा आकडा पुसायचा तसाच राहून गेला होता.