तान्ह्या पोळ्याचा बोजारा

तान्हा पोळा म्हणजे आमच्या गोंडपिपरी भागातल्या लेकरांची दिवाळीच. मोठा पोळा बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा पोरांचा. लाकडी नंदीला चाके लावून, शिंगांना बेगड चिकटवून, स्वतः नटूनथटून पोरं दारोदार फिरतात आणि घराघरातून बोजारा घेतात. बोजारा म्हणजे दोन-पाच रुपये, नाहीतर मूठभर खाऊ. आम्ही नंदीची पूजा करीत नाही. पण राबणाऱ्या बैलाचा मान आणि दारी आलेल्या लेकराचा हट्ट, या दोन्ही गोष्टी आम्ही मानतो.

2020 साली पोळा 18 ऑगस्टला आला. कोरोनाची साथ ऐन भरात होती. शाळा मार्चपासून बंद होत्या, गर्दीला मनाई होती आणि दहा वर्षांखालील मुलांनी घरीच राहावे असा सरकारचा सल्ला होता. पण पाच महिने कोंडलेली पोरं! नंदी माळ्यावरून खाली उतरलेच. शेवटी मोहल्ल्यातल्या चार-दोन जाणत्यांनी ठरविले की, पोरांनी घोळक्याने गावभर फिरायचे नाही. आपल्याच गल्लीत, तोंडाला रुमाल बांधून, दोघादोघांनी यायचे.

आता प्रश्न उरला तो बोजारा काय द्यावा आणि कसा द्यावा याचा.

आमची कारकुनी बुद्धी आधी पैशाकडे वळली. सुट्टे नाणे द्यावे, मोकळे व्हावे. मुलांची आई म्हणाली, "नाणी दहा हातातून आलेली. आणि पैसा हातात पडला की पोरं जातात कुठे, पानठेल्यावरच ना?" तिचे खरे होते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा घरोघरी पोचला आहे, आणि ज्या ठेल्यावर खर्रा घोटला जातो त्याच ठेल्यावर गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या असतात. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकू नये असा कायदा 2003 पासून आहे. पण लेकराला ठेल्याची वाट आपणच दाखवू नये, हे कायद्याच्या आधीचे शहाणपण.

मग खाऊच द्यायचा ठरला. परातीत चिवडा ठेवावा तर प्रत्येक पोराचा हात परातीत जाणार. उघडी, भडक रंगाची मिठाई नको. तिच्यात कोणता रंग घातला हे कोणी सांगत नाही. अख्खे शेंगदाणे आणि कडक गोळ्या मोठ्या मुलांना चालतील, पण चार-पाच वर्षांच्या पोराच्या घशात अडकतात. आमच्या आशाताईंनी समजावले की, हा आजार खाण्यातून पसरतो असा पुरावा नाही. धोका आहे तो जवळच्या श्वासाचा आणि गर्दीचा. म्हणून खाऊवर सॅनिटायझर शिंपडण्याचा वेडेपणा करू नका. साबणाने हात धुवा आणि अंतर राखा. अखेर आम्ही केळी आणली, कारण केळ्याला निसर्गानेच वेष्टण दिले आहे. जोडीला तारीख पाहून घेतलेले पाच रुपयांचे बिस्किटपुडे आणि एकेक पेन्सिल. शाळा बंद असली तरी पेन्सिल बंद पडू नये!

राहिला देण्याचा प्रश्न. आम्ही म्हणालो, "सोपे आहे. ओट्यावर उभे राहू, पोरं खाली ओंजळ धरतील, वरून टाकून देऊ. हात लागायचा प्रश्नच नाही."

आमची माय खाटेवर पडून ऐकत होती. ती उठून बसली. "वरून नको टाकू रे बाबू. तसं आमाले टाकत होते."

आम्ही गप्प झालो. माय लहान असताना तिच्या आईबरोबर पोळ्याच्या दिवशी मालकाच्या वाड्यावर जात असे. वाड्यातली बाई पायरीवरून पोळी अशी सोडायची की, बोटाला बोट लागू नये. पाणीही वरूनच ओतायचे. एकदा पोळी ओंजळीतून निसटून शेणात पडली. आजीने ती उचलली, पुसली आणि पदरात बांधली. मायला सत्तरीतही ती पोळी आठवत होती.

वाचकहो, त्या दिवसांत जो तो 'सोशल डिस्टन्सिंग' म्हणत होता. सामाजिक अंतर! ते तर आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसले होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च 2020 मध्येच शब्द बदलून शारीरिक अंतर म्हणायला सुरुवात केली. आमच्या मायला तो फरक कोणी शिकवावा लागला नाही. रोगाचे अंतर दोघांनाही सारखे असते आणि साथ गेली की संपते. जातीचे अंतर एकालाच खाली उभे करते.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणात टेबल मांडले. त्यावर केळे, पुडा आणि पेन्सिल अशा जोड्या ओळीने लावल्या. बाजूला बादली आणि साबण. आम्ही सहा हात दूर, पण त्याच जमिनीवर, तोंडाला रुमाल बांधून उभे राहिलो. पोरगा यायचा, हात धुवायचा, आपल्या हाताने आपला बोजारा उचलायचा. आम्ही त्याचे नाव विचारायचो, नंदीचे कौतुक करायचो. सर्व जातींची पोरं आली. सर्वांना तोच खाऊ, तेच अंतर. एका चिमुरड्याने विचारले, "काका, मीच घेऊ?" खाटेवरून मायच उत्तरली, "घे बाबू, तुयाच हातानं घे."

ती साथ ओसरली. रुमाल गेले, सहा हातांचे अंतरही गेले. पण तान्ह्या पोळ्याला आमच्या अंगणात टेबल अजून मांडले जाते. बंधू-भगिनींनो, लेकरांना द्यायचा खाऊ स्वच्छ असावा, ताजा असावा, त्यांच्या वयाला झेपणारा असावा. आणि तो देताना आपण त्यांच्याच जमिनीवर उभे असावे.

जयभीम!