पाऊस पेटीत शिरतो कुठून?

उघड्यावर बसवायच्या विजेच्या पेटीची ऑर्डर देताना गिऱ्हाईक हल्ली एकच गोष्ट सांगतं : "आयपी ६५ द्या." मग ती शेतपंपाच्या स्टार्टरची पेटी असो, सोसायटीच्या गेटवरचा बोर्ड असो की जेटीवरच्या दिव्यांचं पॅनल. मागणी रास्तच आहे. तरीही कोकणात पॅनल बनवण्याच्या माझ्या धंद्यात पावसाळ्यात बिघडलेल्या ज्या पेट्या माझ्यापुढे येतात, त्यांतल्या बऱ्याचशांवर हाच आकडा छापलेला असतो.

हा आकडा आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतो आणि भारतीय मानकानेही तो स्वीकारला आहे. पहिला अंक धुळीचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा. ५ मिळवण्यासाठी ६.३ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी अडीच-तीन मीटरवरून पेटीवर मारतात, तेही निदान ३ मिनिटं. ६ साठी नोझल साडेबारा मिलिमीटरचं आणि पाणी मिनिटाला १०० लिटर. ७ म्हणजे मीटरभर पाण्याखाली अर्धा तास. इथे पुष्कळांची गल्लत होते. ७ मिळालेली पेटी ६ ची परीक्षाही पास झालीच असेल असं नाही. शांत पाण्यात बुडून कोरडी राहिलेली पेटी जोराच्या फवाऱ्यापुढे हार खाऊ शकते. दोन्ही हवं असेल तर दोन्ही आकडे छापलेले आहेत ना, ते पाहून घ्यावं.

आणि ही सगळी परीक्षा होते कोऱ्या करकरीत पेटीवर, गोड्या पाण्याने, थोड्याच वेळात. त्यात चार उन्हाळे नाहीत, खारा वारा नाही, दाबून दाबून चपटं झालेलं गॅस्केट नाही.

रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागेतली स्टार्टरची पेटी मी जुलैत उघडली. दार घट्ट, गॅस्केट शाबूत, बाहेरून एकही ओघळ आत आल्याची खूण नव्हती. पण आतल्या छताला थेंब लटकत होते. बरोबर त्यांच्याखाली कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर पांढरट डाग, टर्मिनलच्या पितळी स्क्रूंवर हिरवी पूड आणि तळाशी बोटभर पाणी. बागायतदारांनी विचारलं, "ताई, दार तर कोणी उघडलंच नाही, मग हे पाणी आलं कुठून?"

ते हवेतून आलं होतं. पाऊस उघडला, ऊन पडलं की बंद पेटीतली हवा सहज ५० अंशांपर्यंत तापते. मग अचानक सर कोसळते आणि पत्रा २५ अंशांवर येतो. पेटी खरोखरच हवाबंद असेल तर आतला दाब सुमारे ८ टक्क्यांनी उतरतो. ही ओढ जवळजवळ ८० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढी असते, आणि नेमक्या त्याच वेळी दाराच्या कडेला पावसाचं पाणी थबकलेलं असतं. केसाएवढी फट मिळाली तरी ओली हवा आत खेचली जाते, कधी सरळ पाणीच. वाफेने पूर्ण भरलेली ३० अंशांची हवा घनमीटरमागे ३० ग्रॅम वाफ धरते; २० अंशांवर तिला फक्त १७ ग्रॅमच धरता येते. उरलेलं पत्र्यावर उतरतं. गरम पोळ्या डब्यात भरून झाकण लावलं की झाकणाला आतून घाम सुटतो, तसंच. आमच्या धंद्यात याला पेटीचा श्वास म्हणतात. पुन्हा ऊन पडलं की तापलेली हवा बाहेर पडते, पण तळाशी साचलेलं पाणी फारसं हटत नाही. पुढच्या सरीला त्यात भर पडते.

म्हणून पेटी आणखी आणखी घट्ट करत जाण्यात अर्थ नाही. तिला श्वासाची राजरोस वाट द्यावी : तळाच्या सगळ्यांत खालच्या जागी ड्रेन प्लग आणि बाजूला ब्रीदर. चांगल्या ब्रीदरमध्ये ताणलेल्या पीटीएफईचा पातळ पडदा असतो. बॉब गोअर यांनी १९६९ साली हा पदार्थ शोधला आणि पुढे तो भारी रेनकोटांच्या कापडातही गेला. तो हवा आणि वाफ जाऊ देतो, पाण्याचा थेंब अडवतो. नुसतं उघडं भोक मात्र पाडू नये. त्यातून मुंग्या शिरतात, मग मुंग्यांमागे पाल, आणि पाल दोन फेजच्या मध्ये आली की पुढचं सांगायला नको. सिलिका जेलची पुडी मी सुचवत नाही. श्वास घेणाऱ्या पेटीत ती थोड्याच दिवसांत ओली होऊन जाते आणि बदलायला कोणी येत नाही. मोठ्या पॅनलमध्ये लहानसा हीटर बसवलेला बरा.

दुसरी वाट आपण स्वतः पाडतो. पेटीचा दर्जा कारखान्यात ठरतो खरा, पण जागेवर ड्रिल लागलं की तो नव्याने ठरतो. केबल वरून घेतली की पाणी केबलवरूनच ओघळत ग्लँडपाशी, म्हणजे केबल आवळून आत घेणाऱ्या कडीपाशी येतं. ती नेहमी खालून घ्यावी, आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जातं. शेतपंपात तर आणखी एक अडचण आहे. सबमर्सिबलची केबल चपटी आणि बाजारात सहज मिळणारा ग्लँड गोल. ग्लँडमधलं गोल रबर चपट्या केबलला दोन्ही अंगांनी सोडून बसतं. वायरमन ती फट चिकटपट्टीने बुजवतो, वर्षभरात पट्टी सुटते. चपट्या केबलचे ग्लँड मिळतात; दुकानात आग्रहाने मागावे लागतात, एवढंच. न वापरलेल्या भोकांना बुच हवंच. महागडी पेटी घेऊन ग्लँडमध्ये काटकसर करणं मला अजिबात पटत नाही.

पेटी कशाची असावी, हे गावावर ठरतं. घाटावर पावडर कोटिंगचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा चालतो, फक्त ड्रिलने उघड्या पडलेल्या कडेला रंग लावायला विसरू नये. किनाऱ्यावर ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीललाही खाऱ्या हवेने बारीक खड्डे पडतात. तिथे मॉलिब्डेनम असलेलं ३१६ लागतं, बिजागऱ्या आणि स्क्रूसुद्धा त्याच जातीचे. माझी पसंती एसएमसी (काचतंतू घातलेलं प्लॅस्टिक) किंवा पॉलिकार्बोनेटला : गंज नाही, आणि पेटीच्या अंगात करंट उतरायची भीती नाही. पत्र्याची पेटी असेल तर अर्थिंगच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. पावसात त्या पेटीला हात लावणारा माणूस बहुतेकदा ओल्या जमिनीवर, अनवाणी उभा असतो. अंगणातल्या नि गेटवरच्या बोर्डात करंट गळला की वीज तोडणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबीही हवी.

उन्हाचाही विचार हवा. घरगुती एमसीबीचं गणित ३० अंशांवर बसवलेलं असतं. तापलेल्या पेटीत ती ठरल्यापेक्षा कमी करंटलाच पडते, मग कोणीतरी वैतागून तिला बगल देऊन तार जोडतं आणि सगळी सुरक्षाच संपते. त्यापेक्षा फिकट रंगाची, थोडी मोठी पेटी घ्यावी आणि वर पत्र्याची पडवी काढावी. तिने ऊनही अडतं आणि दारावरचं पाणीही.

पुरापुढे मात्र कुठलाही आकडा चालत नाही. २०१९ साली सांगली-कोल्हापूरने आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडने ते पाहिलं. तिथे पेटी आयपी कितीची, यापेक्षा ती किती उंचीवर बसवली हे मोठं. गावात पुराची रेघ कुठवर आली होती ते म्हाताऱ्या माणसांना विचारावं आणि खांबावर तिच्या वर जागा धरावी. हात पुरत नसेल तर खाली पायरी बांधावी.

आता पाऊस सरला आहे. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून घराबाहेरची प्रत्येक पेटी एकदा उघडून पाहा. दार लावताना गॅस्केटवर कागदाची पट्टी ठेवा आणि बाहेरून ओढा, चारही बाजूंनी. जिथे ती अलगद सुटून येते, तिथलं गॅस्केट दाबत नाही. ते बदलून घ्या.