हेळवाकचे वळण

पुण्याहून चिपळूणला जायला रस्ते तसे दोन-चार आहेत. पण माझी भक्ती कुंभार्ली घाटावर. उंब्रजला महामार्ग सोडावा, मल्हारपेठ-पाटण करीत कोयनेच्या काठाने पश्चिमेकडे सरकावे, आणि दोन्हीकडचे डोंगर जवळ जवळ येऊ लागले, की खिडकीची काच खाली करावी. दिवाळीच्या सुमारास खाचरांतले भात कापून आडवे झालेले असते आणि त्याचा ओलसर, गोड वास थेट गाडीत येतो.

ही कोयना मोठी विलक्षण नदी आहे. महाबळेश्वरला जन्म घेते, म्हणजे कृष्णेची पाठचीच बहीण. पण कृष्णा पूर्वेच्या वाटेला लागते आणि ही सह्याद्रीचा पदर धरून साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला चालत राहते. हेळवाकला आल्यावर मात्र तिच्या मनात काय येते कोण जाणे, ती एकदम काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला जाऊन मिळते. माणसाने याच्यावर आणखी एक वळण रचले. वर धरण बांधले, डोंगराच्या पोटातून बोगदे काढले आणि बंगालच्या उपसागराला निघालेले पाणी पोफळीच्या वीजघरातून पश्चिमेला, वाशिष्ठी नदीत सोडले. चिपळूणकडची माणसे त्याला ‘अवजल’ म्हणतात.

त्या चिपळुणात माझी ताई राहते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात तिचे घर पाण्यात गेले. तीन दिवस फोन लागेना. लागला तेव्हा मी म्हटले, “काही लागले तर सांग.” ती म्हणाली, “बरं.” मी पैसे पाठवले. गेलो नाही. आधी रस्ते बंद होते, मग माझी कामे होती, आणि मग इतके दिवस गेले नाही म्हणून जायला तोंड नव्हते. अशा तीन भाऊबिजा गेल्या. २०२४ सालची भाऊबीज रविवारी, ३ नोव्हेंबरला आली, तेव्हा बायकोला म्हटले, मी एकटाच जाऊन येतो.

आता मोटारीविषयी. गाडी डिझेलची, बारा वर्षांची. दोन महिन्यांपासून ती सकाळी सुरू करताना किंचित किंकाळी फोडीत असे. गरम झाली की गप्प. मग गरम झाल्यावरही आवाज येऊ लागला, तेव्हा मी रेडिओ थोडा मोठा केला. घरात आणि गाडीत होणारे आवाज आपोआप बंद होतात, अशी माझी एक जुनी समजूत आहे.

हेळवाकच्या अलीकडे, दुपारी चारच्या सुमारास, ती किंकाळी अचानक थांबली. मला बरे वाटले. ते सुख अर्धा मिनिट टिकले. जळक्या रबराचा वास आला, समोर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि हातातले चाक असे जड झाले, की जणू कोणी पलीकडून धरून बसले आहे. तापमानाचा काटा वर चढू लागला तशी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले. एक काळा पट्टा खाली लोंबत होता.

त्या एका पट्ट्यावर केवढा संसार असतो, हे मला त्या दिवशी कळले. इंजिनच्या फिरत्या दांड्यावरून तो निघतो आणि वळसे घेत बॅटरी भरणारा अल्टरनेटर, चाक हलके करणारा पंप, गारव्याचा कॉम्प्रेसर आणि (माझ्या गाडीत) इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप या सगळ्यांना फिरवतो. हा पट्टा सैल पडू नये म्हणून स्प्रिंगच्या हाताला एक गुळगुळीत पुली बसवलेली असते. ती स्वतः कोणतेच काम करीत नाही. नुसती पट्ट्याला रेटून फिरत राहते. तिच्या पोटातल्या बेरिंगचे वंगण सुकले, की ती आधी कुरकुरते, मग अडकते. आणि अडकलेल्या पुलीवरून घासत गेलेला पट्टा एक तर जळतो, नाही तर उडतो. माझा उडाला होता.

विम्यासोबत मिळणाऱ्या रस्त्यावरच्या मदतीला फोन केला. एका गोड आवाजाने सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि गाडी उचलायला उद्या दुपारी माणूस येईल असे सांगितले. मग ताईला फोन केला. “उशीर होईल,” म्हटले. ती म्हणाली, “बरं.”

मोटारसायकलवरून जाणारा एक गृहस्थ थांबला. त्याने उत्साहाने सुचवले, की घाटमाथ्यापर्यंत कोणी ओढून नेले तर पुढे सगळा उतारच आहे, इंजिन बंद ठेवून सोडायची खाली! खरे सांगतो, मला ते क्षणभर पटलेही. पण दोरी बांधून ज्याच्या जीपने मला अर्धा किलोमीटर ओढून एका पत्र्याच्या शेडपाशी आणले, तो पोरगा हे ऐकून हसलाच नाही.

“काका, इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोर दोन-तीन दाबांत संपतुया. मग पाय आपटत बसायचं. चाक बी वळायचं न्हाई. कुंभार्लीत असं येडं धाडस करायचं नसतं.”

वय पंचवीस-सव्वीस. कपाळावर सकाळच्या ओवाळणीचे कुंकू आणि त्यात चिकटलेले दोन तांदूळ. शेडच्या एका अंगाला मोटारी, दुसऱ्या अंगाला शेतकऱ्यांचे पाण्याचे पंप उघडून मांडलेले. त्याने पुली सोडून हातात घेतली, फिरवून पाहिली. फिरली नाही.

“आवाज कवापास्नं येत हुता?”

“दोन महिने झाले असतील.”

तो काही बोलला नाही. त्याचा तो न बोलण्याचा क्षण मला बराच लांबला असे वाटले.

एवढ्या आडगावी, भाऊबिजेच्या संध्याकाळी, माझ्या गाडीची नवी पुली मिळणे शक्यच नव्हते. पाटणची दुकाने बंद. पण त्याने फडक्याने पुलीची कड पुसली, डोळ्यांजवळ नेली आणि बेरिंगवरचा आकडा वाचला : ६२०३. त्याचा चेहरा खुलला. मला म्हणाला, गाड्यांच्या कंपन्या वेगळ्या असतात, बेरिंगचा आकडा सगळ्या जगात एकच. ६२ म्हणजे जात; ०३ म्हणजे आतले भोक सतरा मिलिमीटर. बाहेरून चाळीस, जाडी बारा. आणि हीच बेरिंग त्याच्या समोरच्या एका पंपाच्या मोटारीत बसायची होती. नवी, दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेली, कागदात गुंडाळलेली. मालक दिवाळीनंतर पंप न्यायला येणार होता. “त्यास्नी परवा पाटणहून दुसरी आणून घालतो,” म्हणाला.

पुली पोलादी पत्र्याची निघाली हे माझे नशीब. प्लास्टिकची असती तर बेरिंग तिच्यातच ओतलेली असते, सुटत नाही. त्याने शेगडाआड पुली धरून योग्य मापाच्या पान्याच्या तोंडाने जुनी बेरिंग ठोकून बाहेर काढली. ती उष्णतेने निळसर पडली होती. नवी आत बसवताना मात्र घाव फक्त बाहेरच्या कड्यावर पडेल असा जपून ठोकत होता. आतल्या कड्यावर मार बसला तर गोळ्यांना खड्डे पडतात आणि आठ दिवसांत पुन्हा रडगाणे सुरू होते.

तो काम करीत असता त्याचे वडील ओट्यावरून बघत होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. घर पडले, आईने त्यांना पायाला धरून ओढून काढले. मला म्हणाले, “भूकंपाच्या आधी लई वर्सं जमिनीतनं आवाज येत हुता. धरणात पाणी साठाया लागल्यापास्नं. मान्सं म्हनायची, सुरुंग उडवत असत्याल.” मग माझ्या गाडीकडे पाहून त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

आता पट्टा चढवायचा. पण तो कुठून कसा फिरत होता, हे कोणी पाहिले होते? मी तर जन्मात बॉनेटमध्ये डोकावलो नव्हतो. पोराने पट्टा उलटासुलटा केला. आतून सहा उभ्या खाचा, पाठ सपाट. मग म्हणाला, खाचांच्या पुलीवर खाचांची बाजू, गुळगुळीत पुलीवर पाठ; असे धरले की वाट एकच उरते. कडेचे सुटलेले दोरे ब्लेडने कापले, लांब पान्याने स्प्रिंगचा हात मागे रेटला आणि त्याच्या बहिणीने टॉर्च धरली असता पट्टा अखेरच्या पुलीवर सरकवला. बहिणीची सासरी जायची गाडी केव्हाच निघून गेली होती. तिने तक्रार केली नाही, भावाकडे एकदा पाहिले मात्र.

इंजिन सुरू झाले. आवाज नाही. मी उगाच रेडिओकडे हात नेला नि मागे घेतला.

त्याने पाचशे रुपये सांगितले. मी हजार पुढे केले. त्याने पाचशे परत केले, जुनी बेरिंग माझ्या हातावर ठेवली आणि बजावले, “पट्टा चिपळुणात बदला. ह्यो जुना भरवशाचा न्हाई.”

अंधारात कुंभार्ली उतरलो. वळणावळणाला दरीतून गार वारा वर येत होता, आणि खाली पोफळीचे दिवे कधी डावीकडे तर कधी उजवीकडे दिसत. एरवी या घाटात मी थांबून चहा पितो. त्या दिवशी नुसते कान देऊन गाडी चालवली. शिरगाव, अलोरे, खेर्डी. ताईच्या दारात पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

दाराबाहेर रांगोळी होती. पाट मांडलेला होता. घरात नवा रंग दिलेला. पण जिन्याच्या कोपऱ्यात एक हातभर भिंत तिने तशीच ठेवली होती. तिच्यावर मातकट रेघ. मी शेजारी उभा राहिलो. रेघ माझ्या खांद्याला लागली.

ताईने ओवाळले. तबकात घालायला पाकीट काढावे म्हणून खिशात हात घातला, तर हाताला बेरिंग आली, आणि तीच तबकात पडली. ताईने ती उचलून दिव्यापाशी धरली.

“हे काय?”

मी सगळे सांगितले. तिने बोटाने ती फिरवून पाहिली.

“दोन महिने आवाज येत होता?”

“हो.”

“मग तू काय केलंस?”

“रेडिओ मोठा केला.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, पुराआधी हसत असे तशी, तोंडावर पदर धरून. म्हणाली, “हात काळे झालेत, धुऊन ये. पान वाढते.”